अरुंधती हरवली त्याची हकीकत

॥ श्री ॥

आकाशी जितकी तेजे आहेत तितक्यांस साष्टांग नमन. दिसतात त्यांस, आणि दिसत नाहीत त्यांस अधिक. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख वद्य पक्षी राजनगरी जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहिले. पाहणारांचाच घोळ जाहला, तेथे लिहिणाराचा होणे नवल नाही. श्रोतयांनी पोटात घालावे.

ते राज्य थोर, आणि नगर त्याहून थोर. मनोऱ्याशेजारी मनोरे उठले, आणि प्रत्येक मनोऱ्यास विजेच्या दिव्यांचे शेले पांघरविले, आणि चौकाचौकात घराएवढे फलक उभारिले, त्यांवर साबणाच्या वड्या आणि सोनारांच्या पेढ्या रात्रभर झळकत. दिवेखात्याचे अमात्य येसोपंत मोठे कर्ते पुरुष. अंधार म्हणजे आपला जातीचा वैरी ऐसे मानोन त्यांनी तो बोळाबोळातून हुसकोन लाविला, आणि प्रजा संतोष पावली, आणि रात्रीचे आकाश काढ्यासारखे तांबूस जाहले, आणि तेही कोणाच्या ध्यानी आले नाही, कारण वर पाहण्याचे कोणास प्रयोजन नव्हते.

ऐसे नगरी विसंभट म्हणोन राजज्योतिषी होते. बाळपण घाटाखालच्या खेड्यात गेले, तेथे अंगणात उताणे निजोन त्यांनी एकेक नक्षत्र ओळखीचे केले होते. दरबारी चाकरीस आल्यावर सर्व कारभार पंचांगावर चाले. लग्नात वधूवरांस अरुंधती दाखवावी लागे, तेव्हा भटजी उत्तरेस बोट करीत आणि म्हणत, "ती पाहा. दिसली?" आणि वधूवर सकाळपासोन उपाशी, ते वर न पाहताच म्हणत, "दिसली." मग पंगती बसत. परंतु त्या साली भटजींच्या पोटात एक भय शिरले. एके सायंकाळी सहज मान वर केली तो सप्तर्षीच दिसेनात. दुसरे दिवशी पाहिले तरी दिसेनात. मग भटजींस वाटले, आपले डोळे चालले. मग वाटले, डोळे कशाने जातील, हे दिव्यांचे काम. मग पुन्हा वाटले, दिव्यांचे असते तर आणखी कोणी बोलले नसते काय? वैद्यास विचारावे तर वैद्य दरबारचाच, आणि आंधळ्या ज्योतिषास चाकरीवर कोण ठेवितो? दिव्यांस बोल लावावा तर येसोपंत खवळणार. घरी पत्नी वेणूबाईंसही बोलिले नाहीत. ऐसे मनातल्या मनात गोते खात दिवस काढिले.

तो महाराजांची पुतणी चिमाबाई हिचा विवाह उत्तरेकडील डोंगरी संस्थानचे सर्जेराव यांशी ठरला. दोन राज्यांचे जुने वाकडे होते, ते या सोयरिकीने सरळ व्हावे ऐसा महाराजांचा हेत. गोरज मुहूर्तावर वाड्याच्या गच्चीवर लग्न लागले, होम जाहला, सप्तपदी जाहली, आणि अंधार पडला म्हणावे ऐसा काळ आला, परंतु पडला नाही. विसंभटांनी उत्तरेस बोट केले आणि म्हणाले, "ती पाहा. दिसली?"

सर्जेराव बोलिले, "दिसली."

चिमाबाई मान वर करोन उभी राहिली. मुंडावळ्या बाजूस सारल्या, डोळे बारीक केले, आणि बोलिली, "नाही दिसली."

भटजींचा हात तेथेच राहिला. "बाईसाहेब, किंचित वर पाहावं."

"तिथे तांबडा दिवा लुकलुकतोय." तो नव्या मनोऱ्यावरील क्रेनचा दिवा.

"त्याच्या डावीकडे."

"ते हलतंय, भटजी." ते विमान होते.

काकीसाहेब, म्हणजे महाराजांच्या राणीसाहेब, मागून कुजबुजल्या, "चिमे, दिसली म्हण आणि मोकळी हो. माणसं जेवायची खोळंबलीत."

"काकीसाहेब, आत्ताच अग्नीसमोरून उठले. संसारातली पहिलीच गोष्ट खोटी बोलू?"

हे सर्जेरावांच्या चुलत्यांनी ऐकिले आणि मिशीवर हात गेला. म्हणाले, "म्हणजे आमचा मुलगा खोटं बोलला, असंच ना?" मग इकडील मंडळी म्हणाली, तसे नव्हे, तिकडील म्हणाली, तसेच. आणि जो तो आपापली अरुंधती दाखवू लागला. कोणी लग्नाची छायाचित्रे काढणारे उडते यंत्र दाखविले, कोणी खाणावळीच्या शिखरावरचा निळा दिवा दाखविला, आणि एक शास्त्रीबोवा तर चष्म्याच्या काचेत पडलेल्या प्रतिबिंबासच हात जोडोन मोकळे जाहले. वरपक्षाने मोटारी काढा म्हणोन हाक दिली. तेव्हा महाराज उठले आणि बोलिले, "विसंभट, अरुंधती आहे कुठे?"

"आहे, महाराज. जागेवरच आहे."

"मग दिसत का नाही?"

भटजींस डोळे म्हणावे की दिवे म्हणावे, काही उमजेना, आणि तोंडातोन निघोन गेले, "दिवे फार जाहले, महाराज."

येसोपंत ताडकन पुढे आले. "माझ्या दिव्यांवर खापर? विझवतो सगळे. पण मग तारा दिसला नाही तर भटजींनी सर्वांदेखत पागोटं उतरवून घरी जावं." महाराज संतापलेले, त्यांनी रुकार दिला. तत्काळ हुकूम सुटला आणि इस्पितळे वगळोन अवघ्या नगरीचे दिवे पेठांमागोन पेठा विझत गेले, जैसे कोणी फडक्याने पुसोन काढावे, आणि शेवटास फलकावरील साबणाची वडीही मावळली.

आणि मग वर जे होते ते दिसले.

गच्चीवर सर्वांच्या माना वर जाहल्या. खाली रस्त्यात मात्र एकच हलकल्लोळ जाहला. कोणी म्हणे आकाशास चिरा पडल्या, कोणी म्हणे परचक्र आले, त्याच्या मशाली आहेत. एका पेठेतील मंडळींनी आकाशगंगेचा क्षितिजालगतचा पांढरा पट्टा कारखान्याचा धूर समजोन नाकास पदर लाविले आणि कोतवालाकडे तक्रार धाडिली. विसंभट कठड्यास धरोन उभे होते. त्यांनी सप्तर्षी पाहिले, चौकोन पाहिला, शेपूट पाहिले, आणि त्यांचे डोळे भरोन आले, की डोळे शाबूत आहेत, दिवेच होते! मग त्यांनी पदराने, म्हणजे उपरण्याने, डोळे कोरडे केले आणि शेपटातील मधल्या ताऱ्याशेजारी पाहिले. तो वसिष्ठ. त्यास लगटोन अरुंधती असावयाची. नव्हती. पुन्हा पाहिले. एकच तारा. भटजींस कळेना की हसावे की रडावे; दिवेही खरे, आणि डोळेही गेलेच.

"दाखवा," येसोपंत बोलिले, परंतु आवाजात मघाचा जोर नव्हता.

भटजींनी एक वेळ पागोट्यास हात लाविला. बोट करावे आणि ती पाहा म्हणावे, इतकेच काम होते. ते केले नाही. चिमाबाईंकडे वळोन म्हणाले, "बाईसाहेब, तो चार ताऱ्यांचा चौकोन दिसतो? आणि त्याला तिघांचं शेपूट? शेपटातला मधला वसिष्ठ. त्याला चिकटून कोणी आहे का, ते आपणच सांगा. मला आता दिसत नाही."

चिमाबाई पुष्कळ वेळ पाहत राहिली. मग हळूच बोलिली, "आहे. बारीक आहे, पण आहे. त्याच्या खांद्याशी." आणि तिने भटजींचा हात धरोन त्या जागी नेला, आणि भटजींनी जे दिसत नव्हते त्यास नमस्कार केला.

तेव्हा सर्जेराव खाकरोन बोलिले, "मला एकच दिसतो. आणि मघाशी तर एकही दिसला नव्हता." चुलते म्हणाले, "अरे!" परंतु चिमाबाई हसली, त्या दिवसात पहिल्यानेच, आणि म्हणाली, "बरं झालं बोललात. उद्या पुन्हा बघू. तुमच्याकडे अंधार असेल ना?"

"भरपूर," सर्जेराव बोलिले.

मग एकाने पाहिली आणि एकाने नाही तर दर्शन घडले की नाही, यावर शास्त्री भांडू लागले आणि विसंभटांस विचारिते जाहले, तो भटजी म्हणाले, "मला ठाऊक नाही." इतक्यात कोतवाल धापा टाकीत आले की प्रजा आवरेना. महाराजांनी दिवे लावविले, आणि वरचे सर्व पुन्हा तांबूस काढ्यात बुडाले. येसोपंत मात्र हलले नाहीत. भटजींस कोपऱ्यात घेवोन हळूच म्हणाले, "हे सगळं रोज वर असतं?"

"असतं."

"दिवसासुद्धा?"

"दिवसासुद्धा."

येसोपंत मटकन खुर्चीवर बसले, आणि पानावर बसण्यास कितीही बोलाविले तरी उठले नाहीत. भटजी घरी गेले आणि वेणूबाईंस म्हणाले, "माझे डोळे गेलेत." त्या म्हणाल्या, "ताटातली चटणी चाचपडता तेव्हापासून ठाऊक आहे मला. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." पुढे चाकरी राहिली. मात्र त्यानंतरच्या लग्नात भटजी बोट करीनात. वधूसच विचारीत, काय दिसते ते सांगा, आणि वधू गोंधळोन जात.

एवंच, सोयरीक टिकली, नगरी पूर्ववत उजळली, पागोटे डोक्यावर राहिले. त्या रात्री वर काय दिसले याविषयी नगरीत अद्याप एकमत नाही. धुराच्या तक्रारीचा तपास चालू आहे. अरुंधती एका नव्या नवरीने पाहिली, बाकी समस्तांनी तिच्या शब्दावर. याउपर आम्हांस उमगले नाही, म्हणोन येथेच दौत झाकिली.