इनक्युबेटर न उघडणारे शेंडगे सर

शेंडगे सर भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. "हात धुतलं का?" असं विचारतात. कॉलेजात ठीक आहे हो, पण इंदापूरला आमच्या क्लार्कच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन खुद्द नवरदेवाला हेच विचारलं. तो बिचारा भांबावून हळदीचे तळवे दाखवत उभा राहिला.

बारामतीच्या आमच्या कॉलेजात सर पावाच्या यीस्टवर संशोधन करतात. मी शेजारच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि त्यांची भीती ऐकून घेते. माणूस कऱ्हाटी गावचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लांडग्याला न भिणाऱ्यांच्या घरात हा असा घाबरट कसा निपजला, देव जाणे. त्यांना धास्ती परक्या यीस्टची. माझ्या डब्यात आंबवलेली इडली असली की मी व्हरांड्यात जेवायचं. माझं माहेर कोऱ्हाळ्याचं, घरचं गुऱ्हाळ. माहेराहून आले की चांगला आठवडाभर मला त्यांच्या दारातून आत येऊ देत नाहीत. "तुमच्या पदराला रसातलं यीस्ट आसंल, मॅडम. माझी पोरं नासतील." पोरं म्हणजे प्लेटांमधले पांढरे ठिपके. लाईट गेली की थंडावा टिकावा म्हणून फ्रीजरवर वडिलांची घोंगडी टाकतात आणि तिच्यावर स्वतः ओणवे होतात. आणि काही झालं, न झालं, तरी एकच वाक्य: "कायतरी बिनसलंय."

काम मात्र त्यांनी मला एकदा छान समजावलं. यीस्टचं एक प्रथिन काढून टाकायचं. त्याच्याविना ते मरतं. मग त्या जागी तसलंच माणसाचं प्रथिन द्यायचं. "ट्रॅक्टरला मोटारीचा पार्ट बसवायचा. ट्रॅक्टर चालला, तर पार्ट चांगला हाय. यीस्ट वाढलं, तर त्ये प्रथिन कामाचं."

"आणि नाही वाढलं तर?" मी विचारलं.

सर उठून हात धुवायला गेले.

त्याचं कारण मला या हिवाळ्यात कळलं. सरांची थोरली बहीण हातापायांतली ताकद जात जात गेली. आता जळोचीला राहणारी धाकटी लता जिना चढताना मधेच थांबायला लागली होती. पुण्याच्या डॉक्टरांना तिच्या एका प्रथिनात बदल सापडला. तो घातक की निरुपद्रवी, हे काही त्यांना सांगता येईना. तेव्हा सरांनी नेमका तोच बदल केलेलं माणसाचं प्रथिन यीस्टला देऊन बघायला घेतलं. दोनदा प्लेट रिकामी निघाली. दोन्ही वेळा सरांनी आपल्याच हातून चूक झाली असं ठरवून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. तिसऱ्या वेळी मात्र इनक्युबेटरचं दार उघडायला त्यांचा हात उठेना.

"मॅडम, तुमी बघा. मी हितंच हाय." आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

लता बाहेर बाकावर बसली होती. आज कळणार हे तिला ठाऊक होतं. मी दार उघडलं. पहिल्या प्लेटवर निरोगी माणसाचं प्रथिन दिलेलं यीस्ट होतं, दाट पांढरे ठिपके आले होते. दुसरी प्लेट लताची. ती मी उजेडाकडे धरली, तिरपी केली, पुन्हा धरली. काहीच उगवलं नव्हतं.

"बोला की," सर भिंतीला म्हणाले.

मी प्लेट पुढे केली. मग ते वळले, त्यांनी प्लेट बघितली आणि तसेच बाहेर गेले. लतासमोर जाऊन ते नुसते उभे राहिले.

"तेच ना? ताईचं?" ती म्हणाली. "बस दादा. आधी खाली बस."

बाकावर बसून सर हमसून हमसून रडले. "ताईच्या वेळी मी दवाखान्याच्या फाटकातनंच माघारी फिरलो. ती आत वाट बघत व्हती. भ्यालो मी, लते."

"ठाव हाय मला. ताई म्हणायची, त्याला कुणी बोलू नका." तिने पदराने त्यांचा चेहरा पुसला. मग म्हणाली, "पर मला एकटीला लई भ्या वाटतंय रे. पुण्याला येशील?"

"येतो."

"फाटकापर्यंत?"

सरांनी तिचा हात घट्ट धरला.

"आत," ते म्हणाले. "पार आतपर्यंत."