तुळसा मरत नाही

"रुक्माक्का, हे काय लिवलंय तुमी?" वाचनालयाचे आण्णाप्पा वहीवर बोट ठेवून म्हणाले.

"खरं त्येच लिवलंय," रुक्माबाई म्हणाली.

वडगावच्या त्या एका खोलीच्या वाचनालयात पुस्तक परत करताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहायचा नियम होता. बाकीचे सभासद 'उत्तम', 'बोधप्रद' असं काहीतरी लिहून चपला घालत. रुक्माबाईला ते जमत नसे. वर्षभरात तिनं पाच पुस्तकं वाचली होती आणि पाचांपैकी एकालाही सोडलं नव्हतं. एका ऐतिहासिक कादंबरीवर तिनं लिहिलं होतं, 'शंभर पानं झाली तरी कुणी जेवलेलं नाही. एवढी लढाई उपाशी पोटी होत नाही.' दुसऱ्या एका पुस्तकावर, 'राणी भरजरी लुगडं नेसली असं सहा वेळा लिहिलं आहे. काठ कसला, पदर कसला, एकदाही नाही. लिहिणाऱ्यानं लुगडं जवळून बघितलेलं नाही.' वडगावात घरोघरी हातमाग. हा अभिप्राय लोकांना इतका पटला की ते पुस्तक पुढं कुणी नेलंच नाही.

पण या खेपेचा मजकूर वेगळा होता. '"दूधगंगेची लेक" या पुस्तकाचा शेवट बदलून कुणीतरी तुळसाला मारलं आहे. तुळसा मरत नाही. ती तापातून उठते. ज्यानं हे केलं त्याला शोधून काढावं.'

"अवो, छापील हाय ते. छापील कोण कसं बदलंल?"

"ते तुमी बघा. म्या समदं पुस्तक ऐकलंय. दोनदा."

ऐकलं होतं हे खरंच. तिचा नवरा परशराम दुपारी माग थांबवला की पुस्तक मोठ्यानं वाचत बसे, आणि ती रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता ऐकत असे. अक्षरं त्यानंच तिला शिकवली होती. पण दोन्ही हात सुतात अडकलेल्या बाईनं पान उलटायचं कशानं? तो गेला, माग दिराच्या घरी गेला, तिच्याकडं रहाट तेवढा राहिला, आणि घर असं गप्प झालं की वर्षभरानं तिनं त्याच्याच नावावर पुस्तकं आणून एकेक अक्षर लावत वाचायला घेतलं. 'दूधगंगेची लेक' तिनं मुद्दाम मागून घेतलं होतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांची सहा वर्षांची अंजनी गेली, तेव्हापासून रुक्माबाई दोन-तीन वर्षं कुणाशी धड बोलली नव्हती. त्या दिवसांत परशरामनं ते पुस्तक आणलं होतं. ते संपलं त्या दिवशी ती आपणहून म्हणाली होती, "पुन्यांदा वाचा की."

आण्णाप्पांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. शेवटची पानं नव्या दोऱ्यानं शिवलेली होती. त्यांना वाटलं, सापडला चोर. त्यांनी शहापूरच्या यल्लाप्पा बाइंडराला बोलावून चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लाप्पा खळीनं चिकटलेले हात तसेच घेऊन रुक्माबाईच्या दारात उभा.

"बाई, मी पानं शिवतो. मानसं मारत न्हाय!"

"मग तुळसा मेली कशी?"

"मला काय ठावं? मी तिला बघितली सुदिक न्हाय!"

हे बोलणं भांडणाच्या आवाजात झाल्यामुळे गल्लीनं ऐकलं. दुपारपर्यंत सगळ्या वडगावात झालं की शहापूरच्या बाइंडरानं तुळसा नावाच्या पोरीला मारलं. चार वाजता पोलीस पाटलाचा माणूस चौकशीला आला.

"ही तुळसा ऱ्हायाला कुठं होती?"

"पुस्तकात," रुक्माबाई म्हणाली.

त्या माणसानं पाणी मागून घेतलं.

एवढं झाल्यावर वाचनालयाच्या मंडळींनी बेअब्रू टाळण्यासाठी लेखकालाच पत्र घातलं, की आपल्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या आहेत काय? लेखक होते चिकोडीचे गुंडोपंत मास्तर, शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात एकच पुस्तक लिहिलं होतं. कुणी भामटा आपल्या पुस्तकाची खोटी प्रत छापून विकतो आहे असं त्यांच्या मनानं घेतलं. आठव्या दिवशी ते मोटारीतून उतरले. एका हातात छत्री, काखेत पुस्तक, आणि खिशात रुक्माबाईनं सही करायचा कागद: 'मी माझा अभिप्राय बिनशर्त मागे घेत आहे.'

आण्णाप्पा त्यांना घेऊन घरी आले. रुक्माबाईनं घोंगडं अंथरलं.

"ती दुसरी प्रत कुठं आहे?" मास्तरांनी बसायच्या आधीच विचारलं.

"प्रत न्हाय. ह्यांनी वाचून दावलं तसं म्या सांगितलं."

"मग तुमच्या यजमानांना बोलवा."

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली.

मास्तर खाली बसले. छत्री बाजूला ठेवून म्हणाले, "बरं, तुम्ही सांगा. काय ऐकलं होतं ते."

रुक्माबाई सांगू लागली. मास्तर पुस्तकात बोट ठेवून ऐकत होते. नदी, घाट, इनामदाराचं घर, पुरात वाहून गेलेली गाय, सगळं जिथल्या तिथं. आपलीच वाक्यं कांड्या भरणाऱ्या बाईच्या तोंडून येताना ऐकून ते मधेच "वा!" म्हणाले, आणि आपणच लिहिलंय हे आठवून ओशाळले. मग शेवटचं प्रकरण आलं.

"वैद्यानं हात टेकलं. आई उशाला बसलीती. आन् तुळसानं डोळं उगडलं. म्हणाली, 'आये, पेज दे. गूळ घाल तिच्यात. आन् आप्पाला सांगू नगं.'"

"थांबा, थांबा!" मास्तरांनी हात वर केला. "माझी तुळसा इनामदाराची मुलगी आहे. ती 'आये' म्हणत नाही. 'मातोश्री' म्हणते! आणि गूळ चोरून खायची पाळी तिच्यावर का यावी?"

'आप्पाला सांगू नगं' हे या घरात एकच जण म्हणत असे. रोज म्हणत असे, आणि आप्पा मागावर बसून न ऐकल्यासारखं करत असे. दोनदा ऐकूनही आपल्याला ते ओळखू कसं आलं नाही? रुक्माबाईला आठवलं, शेवटचं प्रकरण वाचताना परशरामनं पुस्तक तोंडासमोर उंच धरलं होतं. का म्हणून विचारलं, तर म्हणाला होता, "डोळ्यावर ऊन येतंय."

ती उठली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मास्तर, तुमचं पुस्तक बरूबर हाय. चूक आमच्या घरात झालीया. ते बोलनं आमच्या अंजनीचं हाय. द्या तो कागद."

मास्तरांनी खिशात हात घातला, पण कागद बाहेर आला नाही.

"तुमची मुलगी...?"

"मानमोडीत."

"आमचीही. त्याच आश्विनात." मास्तर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिले. "तिनं काही मागितलं नाही हो. डोळेच उघडले नाहीत. म्हणून मग मी तसंच लिहिलं. दुसरं काही सुचलंच नाही."

आण्णाप्पा उगीचच दारापर्यंत जाऊन परत आले. मग मास्तरांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"मग... दिली का तिला पेज?"

"दिली."

"प्याली?"

"वाटी पुसून."

"आणि पुढं काय झालं तिचं?"

परशरामनं पुस्तक तिथंच मिटलं होतं. पुढचं त्यानं काही सांगितलं नव्हतं. रुक्माबाईनं जन्मात कधी पुस्तकाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. तिनं रहाट पुढं ओढला, सुटलेला दोरा शोधून कांडीला लावला.

"पुढं ती शाळंत गेली," ती म्हणाली.

"कुठल्या शाळेत?"

"चिकोडीच्या."

"चिकोडीच्या शाळेत तर मीच होतो मास्तर."

"म्हणून तर घातली," रुक्माबाई म्हणाली.