चोवीस वाटाणे

तीस वर्षांत ज्या माणसाने टेबलावर एक कागद शिळा होऊ दिला नाही, त्याला ऑफिसात सगळे निकालीराव म्हणत, यात नवल ते काय? आलेला अर्ज त्याच दिवशी निकाली, हा त्यांचा बाणा. घरात कुणी आजारी पडलं, तर पाच दिवसांच्या गोळ्या तीन दिवसांत कशा संपवता येतील याचा ते विचार करत. (विचारच करत. गोळ्या बायकोच्या ताब्यात असत.)

तर या निकालीरावांना नात झाली. बाळंतपण मुलीच्या सासरी झालं, आणि आता तीन आठवड्यांची पोर घेऊन मुलगी माहेरी राहायला यायची होती, बरोबर नऊ दिवसांनी. तोवर भेट फोनच्या पडद्यावर. तिथे नात कायम व्याह्यांच्या मांडीवर, आणि व्याह्यांचा चेहरा नुकताच इस्त्रीहून आल्यासारखा. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात निकालीरावांना स्वतःचं ध्यान दिसे. कपाळावर चार आठ्या, डोळ्यांशी सुरकुत्यांचं जाळं. पोर आजोबा म्हणून पहिल्यांदा बघणार आणि हे बघणार! त्यांना मनापासून वाईट वाटलं.

मुलीच्या खोलीत पाळण्याला जागा करताना कपाटात त्यांना एक ट्यूब सापडली. मुलीने कधीतरी मुरमांसाठी घेतलेलं रेटिनॉइड क्रीम. दिवस राहिल्यावर डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं होतं, म्हणून तसंच पडलेलं. सोबतचा कागद निकालीरावांनी चष्मा लावून वाचला. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, त्वचा नव्याने येते, सुरकुत्या कमी दिसतात. वाटाण्याएवढं क्रीम, आठवड्यातून दोन रात्री, बारा आठवडे.

दुसरा कुणी असता तर बारा आठवडे वाचून ट्यूब जागच्या जागी ठेवली असती. निकालीरावांनी पेन्सिल काढली. बारा आठवडे, दोन-दोन रात्री, म्हणजे एकूण चोवीस वाटाणे. हाताशी आठ दिवस. सकाळी, दुपारी, रात्री एकेक. प्रकरण निकाली! कागदावर त्यांनी चोवीस चौकोन आखले आणि पहिल्यावर तिथल्या तिथे खूण केली. (खाली बारीक अक्षरांत उन्हाबद्दल आणि जळजळीबद्दल बरंच काही होतं. पण तिथे त्यांचा अंगठा होता.)

दुसऱ्या दिवशी चेहरा चुरचुरला. निकालीराव खूश झाले. फाइल हलली म्हणायची. तिसऱ्या दिवशी भर उन्हातून ऑफिसला चालत गेले आणि दारातच शिपाई म्हणाला, "साहेब, कुणी थोबाडीत मारली का?" पाचव्या दिवशी नाकाची सालं निघायला लागली, गाल पिकल्या टोमॅटोसारखे झाले, आणि चहाचा कप हातात घेऊन आलेली बायको जागीच थबकली.

"अहो! हे काय उठलंय तोंडावर?"

"ऊन लागलं असेल."

"उन्हाने सालं निघतात? नागीण असेल नाही तर गोवर! मी पोरीला फोन करते."

"अगं, तिला कशाला उगाच..."

पण फोन लागलाही होता. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आई, बाबांना काही पसरणारं असेल तर आम्ही येत नाही. एवढ्याशा बाळाला कशाला धोका? पुढच्या महिन्यात बघू."

निकालीरावांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. खरं सांगावं तर सासर-माहेरभर हसं. न सांगावं तर नात गेली एक महिना लांब. इकडे आड तिकडे विहीर.

संध्याकाळी बायकोने त्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. बाईंनी भिंगातून चेहरा पाहिला.

"चेहऱ्याला काही लावलंत?"

"साबण."

"आणखी?"

"पाणी."

"नीट आठवून सांगा."

"टॉवेल."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "मग कशामुळे झालंय ते मी खात्रीने सांगू शकत नाही. नात लहान आहे म्हणता, तर तूर्त तिच्यापासून लांब राहिलेलं बरं."

हे ऐकलं आणि निकालीरावांचा धीरच खचला. त्यांनी खिशातून चौकोनांचा कागद काढला आणि टेबलावर सरकवला. "चोवीसपैकी चौदा झालेत," ते खाली मान घालून म्हणाले. "दहा प्रलंबित आहेत."

बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्ची मागे फिरवली. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

"अहो, त्वचेला ओव्हरटाइम कळत नाही," शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या. "ती आपल्या वेळेनेच नवी होते. हे क्रीमने भाजलंय, कुणाला लागायचं नाही. ट्यूब बंद. साधं मॉइश्चरायझर लावा, उन्हात टोपी आणि सनस्क्रीन. चेहरा बरा झाला की नातीला खुशाल मांडीवर घ्या."

"म्हणजे नात येऊ शकते?"

"येऊ द्या की!"

निकालीरावांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद उडाले. बायकोनेही "सुटलो बाई!" म्हणून हात जोडले, आणि मग दवाखान्याच्या दारापासून घरापर्यंत त्यांची बिनपाण्याने केली. फोनवर मुलगी हसली, जावई हसला, मागून व्याह्यांचंही हसणं ऐकू आलं. निकालीरावांना त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. उलट तेही हसले, जेवढं सालं निघालेल्या गालांनी हसवेल तेवढं.

ठरल्या दिवशी नात आली. तोवर लाली उतरली होती, नाकाशी थोडी सालं तेवढी उरली होती. हात दोनदा धुऊन निकालीराव खुर्चीत ताठ बसले आणि मुलीने ते गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, एवढा खटाटोप कशाला केलात? तिला अजून वीतभरापलीकडचं धड दिसतही नाही."

"मग वीतभरावर येतो," म्हणत निकालीराव वाकले. पोरीने डोळे उघडले. पाहिलं. आणि एकटक पाहतच राहिली. त्यांना भरून आलं.

"बघितलंस? आजोबांचा चेहरा आवडला!"

मुलगी शेजारी वाकली, नातीच्या नजरेच्या रेषेत डोकावली आणि हळूच म्हणाली, "चेहरा नाही, बाबा. थोडं वर बघतेय ती. तुमच्या टकलावर दिवा चमकतोय."