आशीर्वादाचा हात

रोह्याच्या मंडळाला हलत्या हाताचा गणपती कबूल केल्यापासून पेणच्या मूर्तिकार हरेशला झोप नव्हती. मूर्ती बैलगाडीने जात, त्या काळात त्याचे वडील गोविंदा काथ्याने अशी बांधणी करत, की वाटेत कुठल्या मूर्तीचं नखही उडालं नाही. तीच सवय हरेशच्या बोटांत उतरली होती. मोटर मूर्तीच्या हाताच्या पोकळीत बसवली होती, म्हणजे हाताबरोबर तीही हलणार. तिची वायर त्याने थेट खांद्यावरून नेली आणि वितीवितीवर काथ्याने आवळली. वायरही घराच्या भिंतीत घालतात ती, चांगली जाड.

पहिल्याच दिवशी मंडळाचा अध्यक्ष जगन पाया पडला आणि वर येणारा हात अर्ध्यावर थांबला. जगन पतपेढीच्या निवडणुकीला उभा होता.

हरेश धावत आला. पाठीमागची झडप उघडून त्याने तुटलेली वायर जोडली, पुन्हा तुटू नये म्हणून आणखी घट्ट आवळली. दुसऱ्या दिवशी जगनची बायको वाकली आणि हात पुन्हा थांबला.

हरेशने पुन्हा जोडली, तरी हात कधी वर जाई, कधी अडे. देव माणूस पारखून आशीर्वाद देतो असं गावात झालं आणि मंडपात गर्दी मावेना. कोलाड, खांब अशा आसपासच्या गावांहून माणसं आली. सासवा सुनांना पुढे ढकलू लागल्या. ज्याच्यासाठी हात वर जाई तो पेढे वाटत सुटे. जगन मात्र भेटेल त्याला सांगत होता, दोष वायरीचा आहे, दुसरं काही नाही.

"हरेश, परत थांबला तर पुढल्या वर्षी तुझ्या दारात पाय ठेवणार नाय," त्याने बजावलं.

हरेश घरी येऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागला. बायको वैशाली ब्लाउज शिवत होती. त्याने बरोबर आणलेला वायरीचा तुटका तुकडा तिने सोलून पाहिला.

"आत एकच जाड तार. वाकून वाकून तुटणारच. आन तुमी ती आवळलीत खांद्यावर?"

"सुटली असती ना."

"अवो, बाही काखेत सैल नाय ठेवली, तर हात वर करताच उसवते."

हरेश मशीनवरच्या बाहीकडे बघत राहिला. मग थेट बाजारात गेला आणि केसांसारख्या बारीक तारांची, रबरी वेष्टनाची लवचिक केबल घेऊन आला. रोह्याला जाऊन ती बसवली आणि मूर्तीच्या खांद्यापाशी तिला सैल वळसा दिला. काथ्या बांधायला बोटं शिवशिवत होती, म्हणून हात खिशात घालून बसला.

आता हात सगळ्यांसाठी सारखाच वर जाऊ लागला. दोन दिवसांत रांग आटली. "कुणालाबी देतो आता," म्हणत रोज रांगेत पहिली असणारी म्हातारी बायजाबाई पुढच्या मंडपाकडे गेली.

जगनला मात्र हायसं वाटलं. गाव गोळा करून, बायजाबाईलाही परत बोलावून, भर दुपारी तो मूर्तीपुढे वाकला. हात उचलला, अर्ध्यावर आला आणि थांबला.

वीज गेली होती. पंखेही थांबले होते, पण पंख्यांकडे बघतो कोण?

गर्दीतून हरेश पुढे धावला. झडप उघडून त्याने खांद्यापासून मोटरीपर्यंत केबल चाचपली. कुठे काही तुटलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला.

"जगनशेठ, वायर एकदम शाबूत हाय," त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

बायजाबाईने जगनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हंजी वायरीचं काय नव्हतंच," ती म्हणाली, आणि तिच्या मागे रांग पुन्हा लागू लागली.