पंढरीशेठच्या ट्रॅक्टरची मूठ

आक्काला फसवणारा माणूस अंजूर गावात अजून जन्माला यायचा होता! हे गावाचं मत नव्हे, आक्काचं स्वतःचं. पण वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत ती ते इतक्या ठामपणे सांगत आली होती, की गावानं वाद घालायचं सोडून दिलं होतं. कुणाच्या लग्नात वरण पातळ झालं, कुणी कुणाच्या बांधावरचा आंबा झोडला, सगळं तिच्या डोक्यात सालवार लावलेलं होतं. आणि घरात दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली, की आक्काचे कान मांजरासारखे वळत.

तिचा संशय खरा ठरायचाच, असं मात्र नव्हे. तरुणपणी नवरा, म्हणजे पंढरीशेठ, लागोपाठ तीन वेळा नवा सदरा घालून भिवंडीला गेला, तेव्हा आक्कानं ओळखलं, की बाई आहे! चौथ्या खेपेला ती मागोमाग गेली, तर पंढरीशेठ एका लालभडक ट्रॅक्टरच्या नाकावरून हात फिरवत उभा! गावातला पहिला ट्रॅक्टर. एका सिलिंडरचा, टक टक टक करत चालला की खाडीपलीकडं कळायचं. त्यानं खारजमिनीत चिखलणी केली, खळ्यात भाताच्या पेंढ्यांवर गोल गोल फिरून मळणी केली, दसऱ्याला झेंडूची माळ गळ्यात घालून नैवेद्यही खाल्ला. आक्का आजही म्हणते, "माजा संशय काय अगदीच खोटा नव्हता. त्या दिसापासून त्यानं माज्याकडं बगितलंच न्हाय!"

आता पंढरीशेठ नाही, भातही नाही. शेतांवर गोदामं उभी राहिली. मुलगा धनेश त्या गोदामांची भाडी बघतो. उरला तो ट्रॅक्टर. अंगणाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडखाली, अठरा वर्षं एका जागी. आक्का रोज सकाळी तोंड धुतलं की त्याच्याही बॉनेटवरून ओला फडका फिरवायची.

तर अशात नातीचं, करिष्माचं, लग्न ठरलं. हळद चार दिवसांवर आली आणि अंगणात एक परका माणूस टेप घेऊन ट्रॅक्टरची लांबी मोजताना आक्कानं पाहिला!

"काय रे, काय मोजतोस?"

"नमस्ते दादी," तो दात काढून म्हणाला, "कुछ नहीं, बस नाप ले रहा हूँ." मग वळून धनेशला म्हणाला, "सेठ, ये कबाड़ कब हटेगा?"

धनेशनं आक्काकडं पाहिलं, त्या माणसाकडं पाहिलं आणि त्याला खांद्याला धरून फाटकाबाहेर नेलं. कबाड! आक्काच्या कानशिलांतून वाफ निघाली.

दुपारी धनेश फोनवर बोलत होता. आक्का दाराआड लसूण सोलत होती. म्हणजे एकच पाकळी पाऊण तास सोलत होती.

"क्रेन नको, लई आवाज होतो... हो हो, उचलायचा न्हाय, चालवतच नेऊ... आयेला पत्ता लागता कामा न्हाय. लागला तर संपलाच सगला!"

आक्का उठली ती थेट शेजारच्या सीताबाईकडं गेली. सीताबाई तिची साठ वर्षांची मैत्रीण. संशयाला खतपाणी घालावं तर तिनंच.

"विकतान गो ते!" सीताबाईनं लगेच निकाल दिला. "माज्या जात्याचा काय झाला? माज्या पोरानं मानकोलीच्या हाटेलात दिला. आता त्याच्यात कुंडी ठेवलेली हाय, न् लोक त्याच्यासंगती फोटो काडतान. मी गेलेली एकदा बगाला. माज्याच जात्यापाशी मना बसाला देईनात. चा घेतलात तरच बसा म्हनतान!"

आक्काच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. पंढरीशेठचा ट्रॅक्टर मानकोली नाक्यावर, गुलाबी रंग दिलेला, सीटवर कुणीतरी चष्मेवाला ओठांचा चंबू करून बसलेला. तिला पाणी पिववेना.

"मी जिवंत हाय तवर न्हाय!" ती म्हणाली.

आणि आक्कानं बेत केला. ट्रॅक्टर चालवत नेणार होते ना? मग तो चालूच झाला नाही तर? चालू करायचं हँडल कधीच हरवलं होतं, पण मिस्त्री लोक हँडल कुठूनही पैदा करतात. त्यावर विसंबून चालणार नव्हतं. मात्र आक्काला एक गोष्ट पक्की आठवत होती. स्टिअरिंगखाली एक काळी मूठ होती. पंढरीशेठ रोज शेवटी त्या मुठीला हात घालायचा आणि म्हणायचा, "सगला ताबा या मुठीत हाय. हिला कुनाला हात लावू देऊ नको!"

दुसऱ्या दिवशी दुपारी घर झोपलेलं असताना आक्का शेडमध्ये शिरली आणि मूठ ओढली. हलेना. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा पाय चाकाला लावून असा हिसडा दिला, की मूठ आली, मुठीमागून तार आली, आणि तारेमागून आक्का धुळीत बसली! चार हात तार, टोकाला आंब्याच्या कोयीएवढी मूठ. आक्कानं ती तार कमरेला गुंडाळली आणि वरून लुगडं चापूनचोपून नेसलं. आता या घराचा ताबा तिच्या कमरेला होता.

पण मूठ पोटावर वर यायची. रात्रीच्या भाकरी थापताना सुनेनं पाहिलं आणि तिच्या हातातलं पीठ गळालं.

"आई, पोटाला काय झालंय?"

"काय न्हाय. गोला हाय."

"गोळा? कधीपासून?"

"दोपारपासून," आक्का म्हणाली आणि जीभ चावली. "म्हनजे... लई वरसांपासून."

सुनेनं हे धनेशला सांगितलं. धनेशचा चेहरा पांढरा पडला. मग काय, घरातली कुजबुज दुप्पट झाली! "हळद होऊ दे, मग दाखवू," "तिला काही विचारू नका," "ठाण्यात चांगला डॉक्टर आहे." आक्काच्या कानांवर फक्त अर्धं पडायचं: "हळद होऊ दे... ठाण्यात..." म्हणजे गिऱ्हाईक ठाण्याचं! आक्कानं कमरेची तार आणखी एक वेढा आवळली. त्या रात्रीपासून सून तिला न मागता दूध देऊ लागली. आक्का ते गुपचूप मांजराला घालायची. विकणाऱ्यांच्या हातचं दूध कोण पिणार?

हळदीचा दिवस उजाडला. मांडव सगळीकडं उभा झाला होता, फक्त शेडचा कोपरा उघडा. आणि लडकू मिस्त्री आला! दोन दिवसांपूर्वी येणार होता तो आज आला. डिझेलचा मोठा डबा, तेलाचा कॅन आणि खांद्यावर भलं मोठं वाकडं लोखंडी हँडल. आक्का ओट्यावर हाताची घडी घालून बसली. चेहऱ्यावर शांत हसू.

"घाल किती घालायचा डिझेल," ती मनात म्हणाली. "पंढरीशेठ गेले, ताबा ठेवून गेले!"

लडकूनं टाकी गळ्यापर्यंत भरली. हँडल लावलं. एक फेरा मारला, दुसरा मारला, तिसऱ्याला ट्रॅक्टर खोकला, धुराचा काळा गोळा मांडवाच्या पांढऱ्या झालरीवर उडाला, आणि... टक! टक! टक टक टक टक!

आक्काची हाताची घडी सुटली. चालू झाला! मुठीशिवाय!

अठरा वर्षांनी तो आवाज. रागातही आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शेट, मी पलतो, माजी गोदामात ड्युटी हाय!" असं ओरडून लडकू बाइकवरून गेलासुद्धा. धनेश सीटवर चढला. पहिला गिअर खट्टकन पडला, ट्रॅक्टर झुलत झुलत फाटकापर्यंत आला. तिथं फाटकात तो थांबवून धनेशनं गिअर काढायला बघितला. निघेना. इंजिन बंद करायला स्टिअरिंगखाली हात घातला. तिथं भोक!

"मूठ कुठाय?" तो ओरडला. "बंद कराची मूठ कुठाय?"

बंद करायची? आक्काच्या पोटावरची मूठ एकदम जड झाली.

आता अवस्था अशी, की गिअर अडकलेला, इंजिन चालू, आणि क्लचवरचा पाय उचलला तर ट्रॅक्टर निघणार. कुणीतरी शहाण्यानं चाकांपुढं दोन मोठे दगड ठेवले. "आता सोडा पाय, दबून बंद पडंल." धनेशनं सोडला. ट्रॅक्टर दबला नाही. म्हैस उंबरा ओलांडते तसा दगडांवर चढला आणि पुढची सगळी कमान, 'करिष्माची हळद' या थर्माकोलच्या अक्षरांसकट, अंगावर घेऊन थांबला. म्हणजे धनेशनं पुन्हा क्लच दाबला म्हणून थांबला. नवरीचा बाप आता क्लचला बांधलेला होता, बॉनेटवर नुसतं 'ळद' उरलं होतं, आणि टाकीत संध्याकाळपर्यंतचं डिझेल होतं! लडकूचा फोन कुणी उचलेना.

"आई, तुम्हाला माहीत आहे का ती मूठ कुठं गेली?" सुनेनं विचारलं.

"मना काय ठावं? उंदरांनी नेली असंल," आक्का म्हणाली. मनात मात्र हिशेब चालला होता. मूठ दिली, की ट्रॅक्टर बंद होणार. बंद झाला, की ठाण्याला जाणार. त्यापेक्षा चालू दे!

तेवढ्यात गणेशपुरीहून दोन गाड्या आल्या. नवऱ्यामुलाची उष्टी हळद घेऊन व्याही अनंता, विहीणबाई आणि पाच सवाष्णी उतरल्या. रीत अशी, की नवरीच्या बापानं फाटकात सामोरं जायचं, पाणी द्यायचं, व्याह्याला मिठी मारायची. आणि नवरीचा बाप फाटकातच, पण चार हात उंचावर, ट्रॅक्टरवर बसलेला!

अनंता दोन्ही हात पसरून उभा राहिला. धनेशनं बसल्या जागी नमस्कार केला.

"उतरा की!" अनंता म्हणाला.

"टक टक टक," ट्रॅक्टर म्हणाला.

अनंता ट्रॅक्टरच्या थेट पुढं आला. घामानं भिजलेल्या धनेशचा पाय थरथरायला लागला. तो जिवाच्या आकांतानं हात उडवू लागला, बाजूला व्हा, मागं व्हा, पुढ्यातून जा! शब्द टकटकीत बुडाले. उरला तो हात. आणि तो हात स्पष्ट सांगत होता: चालते व्हा!

अनंताचे पसरलेले हात खाली आले. "बरं," तो म्हणाला, "गोदामवाल्यांना आमी शेतकरी खालचे वाटलो. चला गो, हलद घ्या मागारी!"

विहीणबाईनं हळदीची वाटी पदराखाली घेतली. वळली. मांडवाच्या दारात करिष्मा पिवळ्या साडीत उभी होती. तिनं ती वाटी वळताना पाहिली आणि तिचा चेहरा बघवेना.

आक्कानं एकदा ट्रॅक्टरकडं पाहिलं, एकदा नातीकडं.

"गोनपाट आना!" ती अशी ओरडली, की टकटकसुद्धा क्षणभर दबली. "ओला करून आना!"

तिला आठवलं होतं. एकदा मळणीच्या खळ्यात हा असाच पिसाळला होता. का पिसाळला ते पंढरीशेठनं तेव्हा नीट समजावून सांगितलं होतं, पण आक्का ओरडण्यात गुंतली होती. काय केलं ते मात्र तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं ओलं गोणपाट घेतलं, लुगडं खोचलं, आणि बॉनेटच्या बाजूला इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडात दोन्ही हातांनी कोंबलं. "गप! गप रे माज्या बाबा!"

ट्रॅक्टर घुसमटला. टक... टक... ट... आणि थांबला.

अशी शांतता पसरली, की मांडवामागं भजी तळल्याची चुरचुर ऐकू आली. धनेश सीटवरून उतरला नाही, गळून पडला, थेट अनंताच्या पायांपाशी. "व्याही, पाय उचलता येत नव्हता हो!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. अनंतानं त्याला उचलून मिठी मारली. बायका वळल्या. सगळं गोड झालं असतं. पण कोंबाकोंबीत आक्काच्या कमरेचा वेढा सैल झाला होता. लुगड्याच्या ओच्यातून काळी मूठ डोकावली, तार सळसळत सुटली, आणि ठण्णकन सगळं व्याह्यांच्या पुढ्यात पडलं!

सगळ्यांत आधी सून ओरडली, तीही आनंदानं! "अहो! आईंचा गोळा!"

"आये," धनेश हळूच म्हणाला, "तुज्याकडं होती?"

"तू इकायला काडला होतास!"

"कोन इकतं? त्या जागी हलदीची बैठक मांडाची व्हती! तीन दिस समोरच्या गोदामात ठेवनार होतो. तो टेपवाला मांडववाला हाय!"

"मंग मना सांगितलास का न्हाय?"

"सांगितला असता तर तू जाऊन ट्रॅक्टरवर बसली असतीस!"

"बरा झाला," सीताबाई मागून म्हणाली. "तिच्या बदल्यात तू बसलास."

पहिल्यांदा अनंता हसला, मग मांडव हसला. हळद लागली. बैठक फाटकापाशीच, ट्रॅक्टरच्या सावलीत मांडली, आणि सवाष्णींनी उरलेली हळद त्याच्या बॉनेटलाही फासली. संध्याकाळी लडकू आला, त्यानं गिअर सोडवला आणि आक्काला मूठ दाखवत समजावलं, "आक्का, ही बंद कराची. चालू होतो तो या हँडलवर. असला हँडल आता भिवंडीतपन मिलत न्हाय, हा एकच हाय. राहू दे इथंच, परवा लग्नाला गाडी काढताना फाटकातून ट्रॅक्टर हलवाचा हाय."

"असं होय?" आक्का म्हणाली. फार लक्ष देऊन ऐकत होती.

निघताना अनंतानं ट्रॅक्टरच्या नाकावरून हात फिरवला. अगदी पंढरीशेठसारखा. "काय जपलाय हो! आमच्याकडं अजून दोन एकर भात हाय. द्या पोरीबरोबर धाडून!" सगळे हसले. थट्टाच ती.

आक्काही हसली. पण तिचे कान वळले होते.

लग्नाच्या सकाळी नवरीची गाडी अंगणात सजून उभी, ट्रॅक्टर फाटकात आडवा, आणि मुहूर्त दीड तासावर. लडकू शेडभर शोधत होता. "शेट, हँडल कुठाय? हितंच ठेवलेला मी!"

धनेश थांबला. सून थांबली. करिष्मा मुंडावळ्या सावरत गाडीतून बाहेर आली. सगळ्यांनी एकदमच मान वळवून ओट्याकडं पाहिलं.

आक्का नव्या लुगड्यात उभी होती. आशीर्वाद घ्यायला करिष्मा पायांशी वाकली, तर आक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला तो तसाच, ताठ उभ्यानं.

"आई," सून म्हणाली, "जरा खाली बसता का?"

"नको गो," आक्का म्हणाली. "आज पाठ धरलीय."