हैबतराव आडवाटेनं रिह्याला जातात

"सरळ रस्त्यानं काय, मेंढरंसुद्धा जातात! आपण आडवाटेनं जायचं!"

हैबतराव ढमढेऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवत हे जाहीर केलं आणि त्यांच्या पत्नीनं, तुळजाबाईंनी, कपाळाला हात लावला. त्यालाही कारण होतं. हैबतराव पुण्यातल्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर. एकोणसाठ साली त्यांनी खडकीच्या लिलावात एक लष्करी फटफटी घेतली आणि तेव्हापासून माणूस जमिनीवर राहिला नाही! दर शनिवारी नकाशा काढायचा. ओढे निळे, डोंगर तपकिरी, आणि जिथं बसून डबा खायचा तिथं एक हिरवंगार झाड. नकाशे इतके देखणे की भिंतीला लावावेत. ते भिंतीलाच लावावेत, असं तुळजाबाईंचं मत होतं, कारण एकदा सिंहगडला निघून हे दोघं सासवडला जेवले होते!

पण या खेपेचा मामला वेगळा होता. तुळजाबाईंचं माहेर रिह्याचं. धाकट्या बहिणीचा, साळूचा, साखरपुडा रविवारी सकाळी अकराला. थोरली बहीण वेळेवर हजर नको?

"एस.टी.नं पिरंगुटला उतरू," तुळजाबाई म्हणाल्या. "तिथं आबा बैलगाडी पाठवतील."

"छट्! हिंजवडी, माण, खिंड ओलांडून घोटावडे, आणि पुढं डोंगराच्या कडेकडेनं रिहे. काय देखावा आहे म्हणून सांगू!"

"तुम्ही बघितलाय?"

"नकाशात बघितलाय ना!"

तुळजाबाई शांतपणे उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "ठीक आहे. साखर वाटायच्या आत मला माहेरच्या दारात उतरवलंत, तर फटफटी राहील. साखर वाटून झालेली दिसली, तर सोमवारी फटफटी विकायची. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

हैबतरावांनी शपथ घेतली खरी, पण एक डोळा फटफटीवर ठेवून. हा माणूस सकाळी स्वतःच्या आंघोळीआधी फटफटीला आंघोळ घालत असे. फटफटी गेली तर आयुष्यात राहिलं काय? आठवी 'ब'च्या पोरांनी काढलेले आंबे!

म्हणून त्यांनी या वेळी पक्का बंदोबस्त केला. हँडलला चुन्याचा डबा अडकवला, त्यात कुंचला. जिथं वाट फुटेल तिथं थांबायचं, दगडावर चुन्याचा गोल काढायचा, गोलात बाण, आणि बाणाखाली घरापासूनचे मैल. येताना चुकायचं नाव नाही!

रविवारी सकाळी निघाल्यावर घोटावड्यापर्यंत सगळं झकास झालं. पुढं एक रुळलेली गाडीवाट सरळ रिह्याकडे जात होती. ती हैबतरावांना रुक्ष वाटली! त्यांनी डोंगराखालची पायवाट धरली. वैशाखाचे दिवस, भाताची खाचरं कोरडी ठणठणीत. फटफटी एकेका बांधावरून उड्या मारत निघाली आणि तुळजाबाईंनी देवाचा धावा सुरू केला. माहेर असलं म्हणून काय झालं, डोंगराच्या या अंगाला त्या कधी फिरकल्या नव्हत्या.

एका बांधाशी दोन वाटा फुटल्या. हैबतराव उतरले. एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून डोंगराचा अंदाज घेतला, वहीत काहीतरी टिपलं आणि बांधावरच्या दगडावर गोल काढून एकवीसचा आकडा घातला. मागं वळून पाहतात तो खांद्यावर कुदळ घेतलेला एक शेतकरी उभा! हा गेणबा. खाचर त्याचंच होतं.

"ह्ये एकवीस कशाचं म्हनायचं, सायेब?"

आता इथं खरं सांगितलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण मला वाटा लक्षात राहत नाहीत, हे बायकोसमोर, परक्या माणसाला, कबूल करायचं?

"ते आमचं खाजगी माप आहे," हैबतराव छाती काढून म्हणाले.

गेणबाचा चेहरा पांढराफटक पडला. या मुलुखात पँट घातलेला माणूस, हातात नकाशा आणि दगडावर चुन्याचा आकडा, या सगळ्याचा एकच अर्थ! पलीकडचं मुळशीचं धरण असंच आलं होतं. आधी चुना, मग पाणी. गेणबानं कुदळ खाली ठेवली आणि तोंड भरून हसू आणलं.

"रिह्याला जायचंय व्हय? मग असं खाली जावा, त्या कुशाबाच्या रानातनं. लई मोकळी जागा हाय तितं! सपाट!"

"देखावा कसा आहे?"

"द्येखावा बी हाय की! कुशाबाकडं लई द्येखावा हाय!"

हैबतराव खूश होऊन खाली गेले आणि कुशाबाच्या बांधावर त्यांनी बावीस काढला. इकडं गेणबानं काय करावं? एकवीसचा दगड उपटला, डोक्यावर घेतला आणि मधल्या वाटेनं नेऊन कुशाबाच्या बांधावर टाकला! कुशाबा त्याचा भाऊबंद, आणि दोघांचं आधीच वाकडं.

तोवर कुशाबानं पाहुण्यांना ताक पाजलं आणि वर पिटाळलं. "खाली कशाला आलासा? समदं माप वर गेणबाच्या रानात घ्या! त्येची जमीन लई खोल हाय, पानी धरती!"

"पाण्याचं काय म्हणाला हो तो?" तुळजाबाईंनी विचारलं.

"शेतीचं काहीतरी. तू नीट धरून बस."

हैबतराव गेल्यावर कुशाबानं बांध पाहिला. एकवीस आणि बावीस, दोन्ही आपल्याकडं? मेलो! त्यानं दोन्ही दगड उचलले आणि धावत सुटला.

त्यापुढचा तासभर हैबतराव आयुष्यात विसरणं शक्य नाही. वर जावं तर समोर बावीस. खाली यावं तर एकवीस. मीटर म्हणतोय चोवीस! वर येताना रंगवलेला तेविसाचा दगड एकदा वडाखाली दिसला, एकदा ओढ्यात दिसला आणि शेवटी तर एका म्हशीच्या खुंट्याशी दिसला.

"अहो, आपण उलटे चाललोय का?" तुळजाबाईंनी विचारलं.

"नकाशाप्रमाणे आपण रिह्याच्या पुढं गेलो!"

"दहा वाजून गेलेत."

"बोलू नको गं! हिशेब चुकतो!"

त्यांनी घाईघाईनं पंचविसाच्या गोलासाठी कुंचला उचलला, आणि एकदम गलका झाला. एका बाजूनं गेणबा, दुसऱ्या बाजूनं कुशाबा, दोघांच्या हातात दगड, मागं आख्खी वाडी!

"त्यानं माझ्या बांधावर आनून टाकला!"

"पयला तुजाच हुता!"

"सायबानं लिवलंय, तुज्याच रानात पानी यायचंय!"

भांडण रंगात आलं असतानाच गर्दीतून एक सत्तरीची म्हातारी पुढं आली आणि फटफटीच्या पुढच्या चाकापुढं मांडी घालून बसली. भांडण तिथंच थांबलं. ही धोंडाबाई.

"माज्या सासरचं घर धरनात गेलं," ती म्हणाली. "जातं, उंबरा, तुळशीचं बिंदावन, समदं पान्याखाली हाय. तवाबी असाच एक टोपीवाला आला हुता, चुन्याचा डबा घिऊन. गोड बोलला, ताक प्याला आनि ग्येला. आता ह्ये चाक माज्या अंगावरनं न्या. मी उठायची न्हाई."

हैबतरावांच्या हातातला कुंचला गळून पडला. एकवीस, बावीस, ताक, पाणी धरणारी जमीन, सगळा उलगडा त्यांना एका क्षणात झाला आणि त्यांना भयंकर लाज वाटली. हातातलं घड्याळ साडेदहा दाखवत होतं. डोळ्यांपुढून फटफटी लांब लांब चालली होती. पण त्या म्हातारीच्या तोंडाकडं बघून त्यांना फटफटीही सुचेना.

ते खाली बसले. "आजी, मी मोजणीवाला नाही. मी चित्रकलेचा मास्तर आहे."

"मग ह्यो चुना?"

हैबतरावांनी बायकोकडं पाहिलं. बायको आभाळाकडं बघत होती.

"मला... मला वाटा लक्षात राहत नाहीत. परत जाताना चुकू नये म्हणून खुणा करतो."

"म्हंजी धरान न्हाई?"

"नाही."

"पानी न्हाई?"

"नाही हो, आजी!"

"तुमी निस्तेच चुकलायसा?"

"चुकलोय!" हैबतराव कळवळून ओरडले. "सकाळपासून चुकलोय! साफ चुकलोय!"

धोंडाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली. "चुका, बाबा! लई चुका! रोज येऊन चुका!"

मग काय विचारता! गेणबानं कुशाबाला मिठी मारली. दोघांनी मिळून दगड ओढ्यात भिरकावले. कुणी गूळ आणला, कुणी पाणी आणलं. तुळजाबाई एकदम माहेरच्या बोलीत उतरल्या, "मी रिह्याच्या वाल्मीक आबांची थोरली! अकराला साळूचा साखरपुडा हाय वो! रिहं कुटं ऱ्हायलं?"

"कुटं म्हंजी?" कुशाबानं हात केला. "ह्या टेकाडामागं! तुमी मगाधरनं त्येलाच फेऱ्या घालताय की!"

एवढं आनंदात आलेलं गाव, त्याला कोण आवरणार? गेणबा धोतर खोचून फटफटीपुढं पळत सुटला, कुशाबा मागून ढकलू लागला आणि बांध आला की वाडीतले चौघं जण फटफटी बायकोसकट उचलून पलीकडं ठेवू लागले. "बाजूला व्हा! पाव्हनं चुकल्यात! लई चुकल्यात!" असा पुकारा करत वरात रिह्यात शिरली.

वाल्मीक आबांच्या दारात फटफटी थांबली, तेव्हा भटजी मंत्र आटपत होते आणि साखरेचं ताट जागचं हललंही नव्हतं. हैबतराव उंबऱ्यावरच मटकन बसले. वाचलो! त्यांनी ताटातल्या साखरेकडं इतक्या प्रेमानं पाहिलं की नवरदेवाकडचे लोक दचकले.

दुपारी जेवणं उरकल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मग? राहिली ना फटफटी?"

"राहिली की," तुळजाबाई म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द. तुमची फटफटी तुम्हाला राहिली. मी एस.टी.नं जाते."

हैबतरावांनी फटफटीला किक मारली. पिरंगुटपर्यंत ते आबांच्या बैलगाडीमागून फटफटी चालवत आले, आणि तिथून भूगावमार्गे घरापर्यंत एस.टी.च्या मागून. त्यांना कुठं वळायचं ते कळावं म्हणून तुळजाबाई मागच्या खिडकीत बसल्या होत्या आणि प्रत्येक वळणाला हात बाहेर काढून दाखवत होत्या.