गाडीतून उतरताना चट्!

धाकट्याने ठरवलं, की ही गोष्ट बायकोला सांगायची नाही. निर्णय तसा लहानच होता, पण त्याच्या आयुष्यातले सगळे घोटाळे लहान निर्णयांनीच सुरू झाले होते. (मोठे निर्णय त्याच्यापर्यंत पोचतच नसत.)

पन्नाशी उलटली तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. घरी म्हणत ते ठीक होतं, पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत, जिथे तो जन्माच्या खिडकीवर बसायचा, तिथला शिपाईसुद्धा पाठीमागे धाकटाच म्हणायचा.

तर झालं असं. हिवाळा सुरू झाला आणि धाकट्याची पाठ दुखायला लागली. बायकोने बाजार पालथा घातला आणि गाडीच्या सीटांना मऊ, लवदार, मांजराच्या पोटासारखी कव्हरं आणून चढवली. धाकट्याने बसून पाहिलं आणि म्हणाला, "वा! गाडीचं रूपच पालटलं!" बायको लाजली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला लाजवणं ही काही साधी गोष्ट नाही. धाकटा स्वतःवर खूश होऊन गाडीतून उतरला, दार लावायला हात पुढे केला आणि... चट्!

बोटातून झटका थेट कोपरापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चट्. तिसऱ्या दिवशीही तेच. उतरलं, दाराला हात लावला, की चट्! हा प्रताप कव्हरांचाच, हे त्याच्या लक्षात आलं. पण सांगणार कसं? ते लाजणं वाया गेलं असतं. म्हणून तो गप्प बसला आणि आपल्या परीने उपाय शोधू लागला. कोपराने दार लावून पाहिलं, कोपराला बसला. कमरेने ढकललं, तेव्हा कुठे बसला ते सांगण्यासारखं नाही. शेवटी त्याची एक पद्धत ठरली. उतरायचं, गाडीशेजारी डोळे मिटून उभं राहायचं, मनाचा हिय्या करून एकदाच हात लावायचा, चट् झालं की बोट कोटाच्या आत काखेत दाबायचं आणि कळ जाईपर्यंत तोंड वाकडं करून तसंच थांबायचं.

हे सगळं वरच्या मजल्यावरच्या सिस्टर खिडकीतून बघत होत्या.

सिस्टरनी जन्मभर हृदयाच्या वॉर्डात नोकरी केली होती. आता निवृत्त झाल्या होत्या, पण नजर निवृत्त झाली नव्हती. रोज संध्याकाळी खालचा माणूस गाडीतून उतरतो, थबकतो, डोळे मिटतो, दचकतो आणि छातीला हात लावून उभा राहतो! सिस्टरनी त्याच्या बायकोला जिन्यात गाठलं.

"यांना काही बोलू नका. पेशंट घाबरला की संपलं. जपा फक्त."

आणि बायको जपायला लागली. जेवणातलं मीठ गेलं, तेल गेलं, समोर उकडलेल्या भाज्या आल्या. तीही तेच खायची, म्हणजे याला संशय नको. संध्याकाळी खाली येऊन त्याच्या हातातली पिशवी घ्यायची. टीव्हीचा रिमोट न मागता त्याच्या हातात द्यायची. धाकट्याने बादली धडकवून बाथरूममधला आरसा फोडला, तर म्हणाली, "जाऊ दे हो, जुनाच होता."

बातमी कचेरीतही पोचली असावी, तिथेही नवल. साहेब म्हणाले, "धाकटे, सावकाश येत जा. काम काय, होत राहील." मृत्यूच्या खिडकीवरचा सहकारी, जो आजवर पेनसुद्धा उसनं देत नसे, तो त्याच्याकडे मायेने बघायला लागला आणि एकदा नकळत विचारून बसला, "तुमचं पूर्ण नाव कसं लिहिता?"

धाकट्याला यातलं काही कळलं नाही. त्याला वाटलं, जगाला आपली किंमत कळायला उशीर झाला, पण कळली एकदाची.

मग एका रविवारी सकाळी दार वाजलं. धाकट्याने उघडलं, तर दारात दादा.

दादा सुतार. कामात हिरा. त्याने धाकट्याला स्वतः घडवलेली एक खुर्ची भेट दिली होती, आणि धाकट्याने चारचौघांत पाहुण्यांना सांगितलं होतं, "तिच्यावर नका बसू, डोलते." दादा तेव्हाच उठून गेला होता. त्यानंतर ना फोन, ना येणं-जाणं. धाकट्याने कितीदा नंबर काढला आणि कितीदा ठेवून दिला, याला हिशेब नव्हता.

दादा आत आला. खुर्ची उलटी केली, खिशातून पेचकस काढून एक स्क्रू आवळला, पुन्हा सरळ केली, हाताने हलवून पाहिली.

"डोलते," दादा खाली बघत म्हणाला. "तू म्हणालास ते बरोबर होतं."

"छे, दादा! आमची फरशी वाकडी आहे."

"फरशी सरळ आहे."

"नाही रे, वाकडी आहे! मी रोज बघतो ना!"

दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "छातीचं कळलं मला. पहाटेचीच बस पकडली."

"छातीचं? कुणाच्या?"

एवढं ऐकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोचा बांध फुटला. "मीच फोन केला भाऊजींना! मला एकटीला सहन होईना!" मागोमाग सिस्टर आल्या. (सिस्टर जिन्यातच होत्या.) अळणी भाज्या, रिमोट, साहेबांची माया, सगळ्याचा उलगडा धाकट्याला एका दमात झाला.

त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण दादाचा हात अजून खांद्यावर होता. कितीतरी दिवसांनी आलेला तो जड, खरखरीत हात. खरं सांगितलं तर तो उचलला जाईल, या धास्तीने धाकट्याने उघडलेलं तोंड मिटलं आणि सिस्टर "आत्ताच्या आत्ता दवाखाना" म्हणाल्यावर तो निमूट गाडीत जाऊन बसला.

बायको गाडी चालवायला बसली, दादा तिच्या शेजारी, आणि मागे सिस्टर धाकट्याची नाडी धरून. हवा कोरडी ठणठणीत. वळणावळणाला चौघंही त्या मऊ कव्हरांवर इकडून तिकडे घासत होती. दवाखाना आला.

"तू उतरू नकोस, मी दार उघडतो!" म्हणत दादा बाहेर पडला आणि त्याने मागच्या दाराला हात लावला. चट्! "अयाई!" दादाने हात छातीशी घेतला. पलीकडून सिस्टर उतरल्या, दार लावलं. चट्! "अगं आई गं!" बायको "काय झालं, काय झालं?" करत धावत उतरली आणि तिने गाडीलाच आधाराला हात टेकला. चट्! तेवढ्यात धाकटाही उतरला होता, आणि सवयीने त्याचाही हात दाराला लागला.

दवाखान्यासमोर गाडीच्या चार बाजूंना चार माणसं छातीशी हात धरून, तोंडं वाकडी करून उभी होती. रखवालदार स्ट्रेचर आणायला पळाला.

सिस्टर बराच वेळ आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. "रोज... हेच व्हायचं?"

"हो," धाकटा म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?" बायको ओरडली.

"तू इतक्या हौसेने कव्हरं आणलीस. लाजलीस पण."

"अहो, इतके दिवस मी अळणी गिळतेय!" म्हणत बायको रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. धाकट्याने भीत भीत दादाकडे पाहिलं. दादाचे खांदे हलत होते. तो गाडीला टेकून हसत होता, आणि टेकल्यामुळे आणखी एक बसला, तरी हसतच होता.

आलोच आहोत तर दाखवून घेऊ, म्हणून डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, छाती खणखणीत आहे, वजन तेवढं बेताल आहे, रोज चालत जा. बायकोने आज्ञा तिथल्या तिथे अमलात आणली. तिघं गाडीत बसली आणि धाकटा चालत निघाला. जाताना तिने हॉर्नही वाजवला.

पण चालता चालता धाकट्याचा ऊर भरून आला. एका बोटाला चटका काय बसला, तर बायकोने मीठ सोडलं, शेजारीण खिडकीत जागता पहारा देत बसली, भाऊ अंधारात घरातून निघाला. माणसाला आणखी काय लागतं? आज हे सगळं बोलून दाखवायचं, असं ठरवून त्याने रस्ताभर शब्द जुळवले.

घरात हशा पिकला होता. घंटा तीनदा वाजवल्यावर दार उघडलं. समोर दादा. त्याने भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवला होता आणि तो हात पुढे केला होता. "ये," तो म्हणाला. "आता मिळव हात."

धाकट्याने तो रबरी हात दोन्ही हातांत घेतला. जुळवलेले सगळे शब्द बाजूलाच राहिले आणि डोळे वाहायला लागले.

आतून सिस्टर उठून पुढे आल्या. त्यांनी निरखून पाहिलं.

"डोळ्यांतून पाणी कधीपासून येतंय यांच्या?" त्या बायकोला हळूच म्हणाल्या. "उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. आपण गाडीने पुढे होऊ, हे येतील मागून चालत."